दोन देशांचा ग्रंथकार : ओले रोल्वाग

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना त्यांनीं काय मिळविलें याकडेच आमचें लक्ष बहुधा जातें. तें मिळविण्यासाठीं त्यांस काय सोडावें लागलें, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतों. आज ज्या ग्रंथकाराची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थि-वाचकांस व त्यांच्या आईबापांस करून देणार आहों, त्यांनीं हाच प्रश्न जन्मभर स्वतःस व आपल्या देशबांधवांस विचारला. होडीवर काम करणारा, वयाच्या चौदाव्या वर्षीं शाळा सुटलेला एक मुलगा पुढें कॉलेजांत अध्यापक व्हावा, आणि परक्या देशांत राहून स्वतःच्या मातृभाषेंत लिहिलेल्या कादंबरीनें त्यानें त्या परक्या देशाच्याच वाङ्मयांत मानाचें स्थान मिळवावें, ही हकीकत कल्पित वाटेल. परंतु ती खरी आहे.

नॉर्वे देशाच्या उत्तर भागांत, ध्रुववृत्तापासून थोड्याच अंतरावर, डोन्ना नांवाचें एक बेट आहे. या बेटावर ता. २२ एप्रिल १८७६ रोजीं ओले एडव्हार्ट यांचा जन्म झाला. त्यांचें घराणें पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर पोट भरणारें होतें. वडिलांचें नांव पेडर, म्हणून तिकडील रीतीप्रमाणें मुलगा पेडर्सन. रोल्वाग हें त्या बेटावरील एका लहानशा खाडीचें नांव. अमेरिकेंत गेल्यावर तेंच त्यांनीं आडनांव म्हणून घेतलें. आमच्याकडे गांवाच्या नांवापुढें ‘कर’ लावून आडनांव करतात, त्यांतलाच हा प्रकार. ज्या जागेस पाठ फिरवून ते गेले, तिचेंच नांव त्यांनीं मरेपर्यंत वागविलें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

बेटावर शाळा भरे ती वर्षांतून थोडेच आठवडे, आणि तीही घरापासून मैलोगणती दूर. ओले फारसे हुशार समजले जात नसत. चौदाव्या वर्षीं त्यांची शाळा बंद झाली. परंतु वाचनाचा नाद मात्र सुटला नाहीं. गांवच्या लहानशा पुस्तकसंग्रहांतील कूपर, डिकन्स वगैरे परदेशीय कादंबरीकारांच्या ग्रंथांचीं भाषांतरें त्यांनीं अधाशासारखीं वाचून काढलीं. लवकरच इतर मुलांप्रमाणें त्यांसही लोफोटेन बेटांकडील हिवाळ्याच्या मासेमारीस जावें लागलें. ऐन थंडींत, उघड्या होडींतून, कॉड माशांच्या मागें जाण्याचा हा धंदा फार जोखमीचा असे. १८९३ च्या हिवाळ्यांत त्या समुद्रावर अकस्मात् भयंकर वादळ झालें. कित्येक होड्या बुडाल्या आणि ओले यांचे अनेक सोबती त्यांत नाहींसे झाले. ते स्वतः वांचले. पण मन मात्र त्या धंद्यावरून कायमचें उडालें. अमेरिकेंत असलेल्या एका आप्तास त्यांनीं जहाजाच्या तिकिटासाठीं पत्र लिहिलें. तिकीट येण्यास पुढें तीन वर्षें लागलीं.

तिकीट हातीं आलें तें १८९६ सालीं. ओले ज्या होडीवर काम करीत तिच्या तांडेलाचा त्यांच्यावर फार लोभ होता. तो त्यांस जवळच्या जत्रेंत घेऊन गेला. तेथें विक्रीस आलेल्या होड्यांपैकीं सर्वांत देखणी होडी त्यानें दाखविली, आणि अमेरिकेचा बेत सोडल्यास ती घेऊन देण्याचें कबूल केलें. वीस वर्षांच्या गरीब मुलाला याहून मोठी देणगी कोणती? स्वतःची होडी म्हणजे पोटाची ददात मिटली, गांवांत मान मिळाला, आईबापांचा सहवास राहिला. ओले यांनीं विचारासाठीं थोडा वेळ मागितला. ते एका टेकडीवर जाऊन एकटेच बसले, आणि खालीं आले तेव्हां त्यांनीं त्या सत्पुरुषास नकार दिला. आमच्या मतें त्यांच्या पुढील साऱ्या लेखनाचें बीज या प्रसंगांत आहे. कारण त्या दिवशीं त्यांनीं वाईट वस्तू टाकून चांगली घेतली असें नव्हे; एक चांगली वस्तू टाकून दुसरी घेतली, आणि टाकलेलीचें मोल काय होतें हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

या ठिकाणीं त्या काळच्या नॉर्वेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १८२५ सालीं स्टाव्हांगर बंदरांतून बावन माणसांची एक लहानशी तुकडी गलबतानें अमेरिकेस निघाली. तेव्हांपासून पुढील सुमारें शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन लोक तिकडे गेले. १९०० सालीं त्या देशाची सारी लोकवस्तीच बावीस लाखांच्या सुमाराची होती, यावरून ही संख्या केवढी मोठी आहे याची कल्पना येईल. घरची जमीन थोडी, खडकाळ आणि वांटण्या होऊन तुकडे पडलेली. तिकडे अमेरिकन सरकारच्या १८६२ च्या कायद्यान्वयें, पांच वर्षें वस्ती करून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जमीन नाममात्र फी घेऊन मिळे. ही जमीन मुळांत ओसाड नव्हती, तेथील आदिवासी डकोटा लोकांच्या हातून ती गेली होती, हेंही विसरतां कामा नये.

अमेरिकेंत रोल्वाग यांचें स्वागत कांहीं थाटाचें झालें नाहीं. न्यूयॉर्कहून दक्षिण डकोटांतील एल्क पॉइंट स्टेशनापर्यंत आगगाडीचा तीन दिवसांचा प्रवास. इंग्रजीचा एक शब्द येत नाहीं, खिशांत जवळ जवळ कांहीं नाहीं, शिदोरी संपत आलेली. स्टेशनावर उतरतात तों न्यावयास कोणीच आलेलें नाहीं! रात्र पडली तरी ते त्या अफाट सपाट मुलुखांत पायींच वाट शोधीत होते. अखेर नॉर्वेजियन बोलणारीं माणसें भेटलीं, आणि त्यांच्या सांगण्यावरून आप्ताच्या घराचा मार्ग सांपडला. परक्या देशांत कानावर पडलेला मायबोलीचा शब्द म्हणजे काय वस्तु असते, हें त्या रात्रीं त्यांस पुरतें कळलें असलें पाहिजे.

पुढें कांहीं वर्षें त्यांनीं शेतावर मजुरी केली. समुद्र टळला तरी कष्ट टळले नाहींत; आणि मजुरी करण्यासाठींच का होडी सोडली, असा विचार मनास टोंचूं लागला. तेव्हां, ज्या वयांत इतर लोक शिक्षण संपवून संसारास लागतात त्या वयांत, हा मजूर कॅन्टन गांवच्या ऑगस्टाना अकॅडमी नांवाच्या शाळेंत लहान मुलांच्या शेजारीं बसूं लागला. १९०१ सालीं तेथील अभ्यास पुरा करून ते मिनेसोटा संस्थानांतील नॉर्थफील्ड येथील सेंट ओलाफ कॉलेजांत दाखल झाले. हें कॉलेज नॉर्वेजियन लूथरन मंडळीनें १८७४ सालीं स्थापिलें होतें. १९०५ सालीं त्यांनीं पदवी मिळविली तेव्हां त्यांचें वय एकोणतीस वर्षांचें होतें. नंतर एक वर्ष क्रिस्तिआनिया, म्हणजे हल्लींचें ओस्लो, येथील विद्यापीठांत अध्ययन करून ते परत आले, व १९०६ पासून सेंट ओलाफमध्येंच नॉर्वेजियन भाषा व वाङ्मय शिकवूं लागले. मंदबुद्धि म्हणून ज्याची शाळा सुटली त्यानें पुढें पंचवीस वर्षें कॉलेजांतील तरुणांस शिकविलें. आमच्या ज्या विद्यार्थ्यांस परीक्षेंत अपयश येतें, त्यांनीं ही गोष्ट मनांत बाळगावी.

१९०८ सालीं त्यांचा विवाह जेनी मेरी बर्डाल यांच्याशीं झाला. या विवाहामुळें त्यांस सुशील पत्नी लाभली, शिवाय वाङ्मयाची एक खाणही लाभली. बर्डाल कुटुंब १८७३ सालीं बैलगाड्यांतून डकोटाच्या रानांत वस्तीस गेलेलें. तेथें लांकूड नाहीं, दगड नाहीं. म्हणून गवताच्या मुळांनीं घट्ट विणलेल्या जमिनीचे ढेंपे नांगरानें काढून त्यांचीं घरें रचीत. सत्तरी सालांत लागोपाठ टोळधाडी येऊन उभीं पिकें फस्त झालीं. १८८० च्या शरदांत सुरू झालेला हिवाळा तर हिमवादळांमुळें पुढील वसंतापर्यंत हटला नाहीं. हे प्रसंग भोगलेले सासरे आंद्र्यू बर्डाल आपल्या जांवयास त्या गोष्टी तपशीलवार सांगत, आणि जांवई त्या जपून ठेवी.

त्यांचें पहिलें पुस्तक १९१२ सालीं टोपणनांवानें प्रसिद्ध झालें. नव्यानें अमेरिकेंत आलेल्या एका तरुणानें घरीं धाडलेल्या पत्रांच्या रूपानें तें लिहिलें असून त्यांत त्यांचाच अनुभव होता. पुढें आणखी पुस्तकें आलीं. सर्व नॉर्वेजियन भाषेंत. परंतु याच सुमारास त्या भाषेवर मोठें गंडांतर आलें. अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरल्यावर परक्या भाषा बोलणाऱ्यांकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें. शेजारच्या आयोवा संस्थानच्या गव्हर्नरानें तर १९१८ सालीं जाहीरनामा काढून शाळा, प्रार्थनामंदिरें, आगगाड्या, इतकेंच काय, टेलिफोनवरील संभाषण, यांतही इंग्रजीवांचून दुसरी भाषा वापरण्याची मनाई केली. पुष्कळ नॉर्वेजियन कुटुंबांनीं भीतीनें म्हणा, लाजेनें म्हणा, मुलांशीं मातृभाषेंत बोलणें सोडून दिलें.

रोल्वाग मात्र डगमगले नाहींत. नव्या देशाशीं एकनिष्ठ राहणें निराळें आणि आईबापांची भाषा टाकणें निराळें, असें त्यांचें मत होतें. आपला वारसा फेंकून देणारा मनुष्य नव्या देशास रिकाम्या हातांनीं जाऊन मिळतो, आणि जो आपलें उत्तम तें बरोबर आणतो तोच त्या देशास कांहीं देऊं शकतो, हा विचार त्यांनीं व्याख्यानांत, लेखांत आणि वर्गांत पुनः पुनः मांडला. या आग्रहाबद्दल कित्येकांनीं त्यांस वेडगळ ठरविलें.

याच काळांत घरावरही दुःखाचा घाला पडला. चार मुलांपैकीं एक मुलगा पूर्वींच लहानपणीं वारला होता. १९२० सालीं पांच वर्षांचा पॉल गुन्नार पाण्यांत बुडून गेला. ज्या मनुष्यानें समुद्राच्या भयानें जन्मभूमि सोडली, त्याचा मुलगा समुद्रापासून शेंकडों कोस दूर पाण्यानेंच न्यावा, हा दैवाचा खेळ किती क्रूर! पुढच्याच वर्षीं त्यांची एक कादंबरी निघाली. अमेरिकेंत गेलेला मुलगा नाहींसा होतो आणि नॉर्वेंतील म्हातारे आईबाप त्याची वाट पाहत राहतात, असा तिचा विषय आहे. आणि तिच्या नांवांत होडी आहे, उत्कंठेची होडी.

१९२३ सालीं रोल्वाग यांच्या कानांवर एक बातमी आली. योहान बोयर हे नॉर्वेंतील प्रसिद्ध कादंबरीकार अमेरिकेंत गेलेल्या नॉर्वेजियन लोकांवर कादंबरी लिहिणार होते. ज्यांनीं तें जिणें भोगलें त्यांच्यापैकींच कोणी तरी तें सांगितलें पाहिजे, असें रोल्वाग यांस तीव्रतेनें वाटलें. त्यांनीं कॉलेजांतून रजा घेतली आणि मिनेसोटाच्या रानांतील एका तळ्याकांठच्या झोंपडींत बसून लिहावयास आरंभ केला. पुढें नॉर्वेस जाऊन त्यांनीं काम तडीस नेलें. ही कादंबरी १९२४ व १९२५ सालीं दोन भागांत नॉर्वेंत प्रसिद्ध झाली व फार नांवाजली गेली. बोयर यांची कादंबरीही १९२४ सालींच निघाली.

या कादंबरीचें कथानक थोडक्यांत असें आहे. १८७३ सालीं पेर हान्सा नांवाचा मच्छीमार बायकोमुलांसह गाडी हांकीत डकोटाच्या गवताळ रानांत येतो. तो उमदा, धाडसी, सदा नवे बेत करणारा. त्याची बायको बेरेट हिच्या मनाची स्थिति अगदीं उलट. नवऱ्याला ज्या सपाट भूमींत राज्य दिसतें, तींत तिला आडोसा म्हणून कांहीं दिसत नाहीं. ना झाड, ना डोंगर, ना देऊळ. संध्याकाळ झाली कीं ती खिडकीवर कपडे टांगून बाहेरचें रान दृष्टीआड करते. माहेरची एक जुनी मोठी पेटी तिनें आणलेली असते. त्या पेटींतच आपल्याला पुरावें असें ती योजते. नाताळच्या दिवशीं तिला मुलगा होतो, आणि बाप मोठ्या आनंदानें त्याचें नांव विजयी पेडर असें ठेवतो. आईला मात्र तें नांव म्हणजे देवापुढें उद्दामपणा वाटतो. पुढें एक फिरता धर्मोपदेशक त्या झोंपडींत येतो आणि तीच पेटी वेदी म्हणून वापरून प्रभुभोजनाचा विधि करतो, तेव्हां तिचें भ्रमिष्ट झालेलें मन ठिकाणावर येतें. शेवटीं एका दारुण हिवाळ्यांत जिवलग शेजारी मरणोन्मुख असतो. त्याच्यासाठीं धर्मोपदेशकास आणण्याकरितां, बेरेटच्याच आग्रहावरून, पेर हान्सा हिमवादळांत बाहेर पडतो तो परत येत नाहीं. वसंत ऋतूंत बर्फ वितळल्यावर त्याचें प्रेत एका गवताच्या गंजीला टेकून बसलेलें सांपडतें. तोंड पश्चिमेकडे वळलेलें.

वाचक विचारतील, मग विजय कोणाचा झाला? रोल्वाग याचें सोपें उत्तर देत नाहींत. जमीन नांगरली गेली, गांव वसलें, राज्य उभें राहिलें, हें ते मोकळेपणानें सांगतात. पण त्याची किंमत कोणी दिली तेंही ते लपवीत नाहींत. वसाहती वसविणाऱ्या पुरुषांच्या शौर्याचीं वर्णनें पूर्वीं पुष्कळ झालीं होतीं. ज्या स्त्रिया त्या पुरुषांच्या मागें मुकाट्यानें गेल्या आणि एकांतानें ज्यांचीं मनें खचलीं, त्यांचा हिशोब इतक्या सहानुभूतीनें मांडणारे थोडेच.

लिंकन कोलकर्ड नांवाच्या अमेरिकन लेखकास या ग्रंथाची माहिती लागली. हे गृहस्थ जहाजाच्या कप्तानाचे पुत्र. केप हॉर्नजवळ जहाजावरच त्यांचा जन्म झाला होता. त्यांस नॉर्वेजियन येत नसे. म्हणून मित्रांनीं केलेलें शब्दशः भाषांतर घेऊन दोघांनीं मिळून इंग्रजी संस्करण सिद्ध केलें. १९२७ सालीं तें ‘जायंट्स इन दि अर्थ’ या नांवानें न्यूयॉर्कमध्यें प्रसिद्ध झालें. हें नांव पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावरून घेतलें आहे. पुस्तक तत्काळ लोकप्रिय झालें. नॉर्वेच्या राजानें तर १९२६ सालींच रोल्वाग यांस ‘ऑर्डर ऑफ सेंट ओलाफ’ हा किताब देऊन गौरविलें होतें.

यानंतर त्यांनीं पेडरची कथा आणखी दोन कादंबऱ्यांत पुढें नेली. पेडर शाळेंत इंग्रजी शिकतो, आईच्या भाषेपासून व मनापासून दूर जातो आणि आयरिश कॅथॉलिक घराण्यांतील सूझीशीं लग्न करतो. शेवटच्या कादंबरींत तो संसार मोडतो. आईबापांनीं मागें टाकलेलें मुलांच्या संसारांत पुनः उभें राहतें, असें जणू ग्रंथकारास सुचवावयाचें आहे. ही कादंबरी १९३१ सालीं बाहेर पडली, आणि त्याच वर्षीं ता. ५ नोव्हेंबर रोजीं, हृदयविकारानें पुष्कळ दिवस जर्जर झालेले रोल्वाग नॉर्थफील्ड येथें वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं निवर्तले.

त्यांचें कार्य सफल झालें काय? एका अर्थीं नाहीं. ज्या भाषेसाठीं ते झगडले ती अमेरिकेंतील घरांतून व प्रार्थनामंदिरांतून हळूहळू मावळली. तेथील नॉर्वेजियन लूथरन मंडळीनें १९४६ सालीं आपल्या नांवांतून नॉर्वेजियन हा शब्दही काढून टाकला. त्यांचे ग्रंथ तेथें वाचले गेले ते मुख्यतः इंग्रजींतून. परंतु दुसऱ्या अर्थीं पाहतां, १९२५ सालीं स्थापन झालेल्या नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्थेचे पहिले चिटणीस म्हणून त्यांनीं ज्या पत्रांचा व कागदपत्रांचा संग्रह आरंभिला, त्यामुळें लाखों सामान्य कुटुंबांचा इतिहास नष्ट होण्यापासून वांचला. सेंट ओलाफ कॉलेजच्या ग्रंथालयास त्यांचें नांव दिलें गेलें. त्यांच्या कादंबरीवर डग्लस मूर यांनीं रचलेल्या संगीत नाटकास १९५१ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. आणि ज्या मिनेसोटांत या परदेशस्थानें नॉर्वेजियन शिकवून पोट भरलें, त्याच संस्थानचा गव्हर्नर त्यांचा पुत्र कार्ल १९६३ सालीं झाला. तोही पुनः केलेल्या मोजणीअखेर अवघ्या ९१ मतांनीं. मुलानें नव्या देशांत मानाचें पद मिळविलें, म्हणून बापाचें सांगणें खोटें ठरलें असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचे कित्येक विद्यार्थी घरीं एक भाषा बोलतात व शाळेंत दुसरी शिकतात. कित्येकांचे वडील पोटासाठीं गांव सोडून शहरांत आले आहेत, आणि उद्यां यांच्यापैकींच कोणी सातासमुद्रांपलीकडे जातील. त्यांनीं जरूर जावें. रोल्वाग यांनीं कोणासही घरीं बसावयास सांगितलें नाहीं. ते स्वतः गेले, शिकले आणि नव्या देशाचे चांगले नागरिक झाले. परंतु जातांना आजीची बोली, आईचें दुःख आणि गांवाचें नांव हीं ओझें म्हणून वाटेवर टाकूं नयेत, इतकेंच त्यांच्या चरित्रावरून शिकावयाचें आहे. त्यांनीं तांडेलाची होडी नाकारली हें खरें. पण ती होडी ते कधीं विसरले नाहींत हेंही तितकेंच खरें.